ड्रेस्डेनचा मोटार-विक्रेता : रुडॉल्फ काराचिओला

मागच्या सत्रात आम्ही वर्गात मोठेपणी कोण होणार या जुन्याच विषयावर निबंध लिहायला दिला होता. डॉक्टर, वकील, शिक्षिका, पोलीस अशी नेहमीची उत्तरे आली. एका मुलाने मात्र आपण मोटारींच्या शर्यतीत उतरणार असे लिहिले. वह्या परत देताना त्याने आम्हांला हळूच विचारले की शर्यतीत उतरायचे तर आधी स्वतःची मोटार लागते का? त्याचे वडील बस चालवतात. घरी मोटार नाही. आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्याने पुस्तक उघडावे, हे आम्ही प्रशिक्षणाच्या काळात शिकलो. तसे शोधता शोधता आम्हांला एका जर्मन माणसाची हकीकत सापडली. 1930 नंतरच्या दशकात युरोपात त्याचे नाव ठाऊक नाही असा मोटारप्रेमी विरळाच. परंतु त्याची सुरुवात झाली ती ड्रेस्डेन शहरात, मोटारींच्या दुकानातील एक साधा विक्रेता म्हणून. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या चरित्रात आहे असे आम्हांला वाटते, म्हणून ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

नाव इटलीचे, घर ऱ्हाईनकाठचे

रुडॉल्फ काराचिओला याचा जन्म 30 जानेवारी 1901 रोजी जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या रेमागेन या लहानशा गावी झाला. आईवडिलांचे तेथे हॉटेल होते. आडनाव ऐकताच ते जर्मन नाही हे कळते. त्याचे पूर्वज सतराव्या शतकात, युरोपात तीस वर्षे चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत, इटलीतील नेपल्सहून ऱ्हाईनच्या प्रदेशात आले आणि तेथेच राहिले. तीनशे वर्षांत घरची भाषा बदलली, रीतीभाती बदलल्या, आडनाव तेवढे टिकले. आपल्यासारख्या बेटावरच्या मराठी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपलेही पणजोबा-खापरपणजोबा जहाजातून आले, त्यांची नावे कारकुनांनी परक्या वळणाने लिहिली, आणि तीच नावे आज आपण अभिमानाने लावतो.

लहानपणापासून रुडॉल्फला मोटारींचे वेड होते. चौदाव्या वर्षीच आपण शर्यतीत मोटार चालवणार हे त्याने ठरवून टाकले होते. वडिलांच्या मनात त्याने विद्यापीठात शिकावे असे होते. मुलाचे वेड आणि बापाची इच्छा यांची ओढाताण कोणत्या घरात होत नाही? परंतु पहिले महायुद्ध संपल्यावर थोड्याच काळात वडील वारले, आणि रुडॉल्फ आखेन शहरातील फाफ्निर नावाच्या मोटार कारखान्यात उमेदवार म्हणून लागला.

येथे उमेदवारी हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. कारखान्यातील उमेदवाराला मोटार चालवायला मिळण्याआधी तिचे पोट उघडून पाहावे लागते. कोणता भाग कशाने झिजतो, यंत्राचा आवाज केव्हा बदलतो, हे तो हातांनी आणि कानांनी शिकतो. सुरुवातीला काराचिओला मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरले. पुढे 1922 साली बर्लिनजवळच्या आवुस या मार्गावर त्यांनी कारखान्याची फाफ्निर मोटार चालवली आणि चौथा क्रमांक मिळवला. मोटार मालकाची, हात उमेदवाराचे. हा प्रकार पुढे पुष्कळ दिवस चालणार होता.

ड्रेस्डेन शहरात

महायुद्ध हरल्यामुळे जर्मनीचा पश्चिमेकडील काही भाग तेव्हा परकीय फौजांच्या ताब्यात होता. आखेनमध्ये बेल्जियमचे सैनिक होते. 1923 साली एका रात्री नृत्यगृहात काराचिओलांचे एका बेल्जियन सैनिकाशी भांडण झाले आणि त्यांनी त्याच्यावर हात उगारला. ताबा ठेवणाऱ्या सैन्याच्या माणसाला मारणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांना गाव सोडून पळावे लागले. बावीस वर्षांचा हा तरुण देशाच्या दुसऱ्या टोकाला, एल्बे नदीकाठच्या ड्रेस्डेन शहरी येऊन पोहोचला. ज्या माणसाचा पुढे शांत डोक्यासाठी लौकिक झाला, त्याच्या आयुष्याला मोठे वळण मिळाले ते डोके तापल्यामुळे.

ड्रेस्डेन ही सॅक्सनी राज्याची राजधानी. जुने राजवाडे, चित्रशाळा, संगीत यांसाठी हे शहर प्रसिद्ध. तेथे ते फाफ्निर कारखान्याचे प्रतिनिधी म्हणून मोटारी विकू लागले. विकू लागले म्हणायचे इतकेच, कारण त्यांच्या हातून एकच मोटार विकली गेली. तिचीही गोष्ट मजेदार आणि दुःखद आहे. त्या वर्षी जर्मनीत चलन इतके कोसळले होते की नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकी डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळपर्यंत कवडीमोल होई. काराचिओलांनी सौदा ठरवला तेव्हाची किंमत मोटार ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत इतकी घसरली की त्या पैशांत जेमतेम भोंगा आणि पुढचे दोन दिवे आले असते.

अशा हलाखीत स्वतःची शर्यतीची मोटार घेण्याचा विचार कोण करणार? तरीही त्याच वर्षी एप्रिल महिन्यात बर्लिनच्या स्टेडियममध्ये झालेल्या शर्यतीत त्यांनी भाग घेतला आणि ती जिंकली. मोटार होती एगो नावाची, चार अश्वशक्तीच्या वर्गातील, अगदी छोटी. आणि तीही उसनी.

या विजयानंतर काही महिन्यांतच डाइमलर कंपनीने, म्हणजे मर्सिडीज मोटारी बनवणाऱ्या कंपनीने, त्यांना आपल्या ड्रेस्डेन येथील दुकानात विक्रेता म्हणून नेमले. दिवसा ग्राहकांना मोटार दाखवायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीला जायचे असा त्यांचा क्रम सुरू झाला. कंपनीची 6/25/40 नावाची मोटार त्यांना चालवायला मिळे. या आकड्यांत तिची सगळी कुंडली आहे. सहा ही कर आकारण्यासाठी धरलेली अश्वशक्ती, पंचवीस ही नेहमीची, आणि यंत्रात जादा हवा कोंबणारा पंखा चालू केला की चाळीस. 1923 मध्ये त्यांनी मर्सिडीजवर आठ शर्यतींत भाग घेतला आणि चार जिंकल्या. 1924 मध्ये पाच जिंकल्या, त्यांत स्वित्झर्लंडमधील क्लाउसेन घाटाची चढण होती. 1925 मध्ये आणखी पाच.

याच दुकानात 1923 साली त्यांची शार्लोट नावाच्या तरुणीशी ओळख झाली. पुढे ती त्यांची पत्नी झाली. मधल्या काळात यंत्रशास्त्राचा अभ्यास करण्याचा बेत त्यांच्या मनात होता, तो मागे पडला.

ड्रेस्डेनच्या या तीन वर्षांकडे चरित्रकार धावत धावत पाहतात, कारण त्यांना पुढच्या मोठ्या विजयांची घाई असते. आम्हांला मात्र हीच वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात. लहान मोटारी, लहान शर्यती, घाटातल्या चढणी आणि सोमवारी पुन्हा दुकान. नाव होण्याआधीची ही तालीम होती.

पावसातील शर्यत

11 जुलै 1926 रोजी जर्मनीची पहिली ग्रां प्री आवुस मार्गावर ठरली. नेमक्या त्याच सुमारास स्पेनमध्ये दुसरी मोठी शर्यत होती. नव्यानेच एकत्र आलेल्या मर्सिडीज-बेंझ कंपनीला परदेशी बाजारपेठ हवी होती, म्हणून तिने आपला मुख्य चमू स्पेनला पाठवायचे ठरवले. ही बातमी कानी येताच ड्रेस्डेनच्या विक्रेत्याने रजा काढली, श्टुटगार्टचे कार्यालय गाठले आणि सरळ मोटार मागितली. कंपनीने नाही म्हटले नाही. काराचिओला आणि आडोल्फ रोझेनबर्गर या दोघांना तिने दोन जुन्या मोटारी दिल्या. अट एवढीच की त्यांनी कंपनीचे चालक म्हणून न उतरता स्वतंत्र स्पर्धक म्हणून उतरावे. म्हणजे हरले तर नाव त्यांचे जाईल, कंपनीचे नाही!

दोन लाखांहून अधिक माणसे पाहायला जमली होती. सुरुवातीचा इशारा झाला आणि काराचिओलांच्या मोटारीचे यंत्र बंद पडले. बाकीच्या मोटारी निघून गेल्या. सोबतचा यंत्रकुशल ऑयगेन झाल्त्सर खाली उडी मारून मोटार ढकलू लागला. ती सुरू होईपर्यंत पुढच्यांनी एक मिनिटाहून जास्त आघाडी घेतली होती. नवख्या माणसाने येथेच हाय खाल्ली असती.

थोड्या वेळाने पाऊस आला. रस्ता निसरडा झाला, धुके दाटले, एकेक मोटार बाजूला पडू लागली. आठव्या फेरीत रोझेनबर्गर यांची मोटार घसरली आणि वेळ मोजणाऱ्यांच्या चौकीवर आदळली. तिच्यातील तिघे जण मृत्युमुखी पडले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. शर्यतीच्या कथांत मुलांना हारतुरे दिसतात, ही तीन माणसे दिसत नाहीत.

काराचिओला चालवत राहिले. आपण कितवे आहोत हे त्यांना कळत नव्हते. निदान शर्यत पूर्ण तरी करावी एवढाच त्यांचा निश्चय होता. वीस फेऱ्या संपल्या, मोटार थांबली, आणि आपण पहिले आलो आहोत हे ऐकून सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटले. जर्मन वर्तमानपत्रांनी त्यांना पावसाचा उस्ताद ही पदवी दिली आणि ती जन्मभर टिकली. बक्षिसाचे सतरा हजार मार्क घेऊन त्यांनी शार्लोटशी लग्न केले आणि बर्लिनच्या एका प्रतिष्ठित रस्त्यावर मर्सिडीज मोटारींचे स्वतःचे दुकान थाटले. ड्रेस्डेनची नोकरी संपली.

पावसात त्यांना कोणते यश मिळे, याचा विचार केला तर जादू काही नाही. ओल्या रस्त्यावर चाक आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड कमी होते. अशा वेळी जो एकदम ब्रेक दाबतो, एकदम वेग देतो किंवा चक्राला झटका देतो, त्याची उरलीसुरली पकडही सुटते. काराचिओलांचे हातपाय हलके होते. ते मोटारीला हिसके देत नसत. पाऊस नसताना हा गुण झाकलेला राहतो, पाऊस आला की तो उघड होतो. चक्रीवादळाच्या दिवसांत आपल्या बेटावरील रस्त्यांवर बस चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आजचा नवशिका

काराचिओलांच्या तरुणपणी नवशिक्यासाठी वेगळी मोटार नव्हती. मोठी मोटार उसनी मिळाली तर शिकायचे, नाहीतर नाही. आज ती सोय आहे, तिचे नाव कार्ट. 1956 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आर्ट इंगल्स या कारागिराने नळ्यांचा एक सांगाडा बनवून त्याला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले, तेथून या खेळाची सुरुवात झाली. पुढच्या काळातील बहुतेक जगज्जेते या बुटक्या गाडीतूनच वर आले. ब्राझीलचा आयर्टन सेना, इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन, जर्मनीचा मिखाएल शुमाखर, सगळे कार्टवाले. शुमाखरचे वडील गवंडीकाम करीत, आणि त्याची पहिली कार्ट वडिलांनी घरीच जुळवलेली होती.

कार्टला स्प्रिंगा नसतात, आणि मागची दोन्ही चाके एकाच सरळ आसाला घट्ट जोडलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. मोटारीत त्याची सोय केलेली असते, कार्टमध्ये नाही. म्हणून वळताना आतले मागचे चाक क्षणभर हलके व्हावे लागते, आणि ते झाले नाही तर गाडी अडखळते. चालकाची प्रत्येक चूक त्याच्या अंगाला जाणवते. उत्तम गुरू तोच, जो चूक ताबडतोब दाखवतो.

नवशिक्याने प्रथम भाड्याच्या कार्टवर, बंदिस्त मार्गावर सुरुवात करावी. स्वतःची कार्ट घेण्याची घाई करू नये, कारण खर्च गाडी घेतल्यावर संपत नाही, टायर आणि इंजिन पुन्हापुन्हा पैसे मागतात. डोक्याला मापात बसणारे शिरस्त्राण हवे, पायांत बंद बूट हवेत. ओढणी, गळपट्टा, मोकळे केस असे काहीही लोंबते ठेवू नये, ते आसात अडकले तर जिवावर बेतते. उजवा पाय वेगासाठी, डावा ब्रेकसाठी, आणि दोन्ही एकदम कधी दाबायचे नाहीत. ब्रेक सरळ रेषेत असतानाच लावावा, मग वळावे, आणि वळणाबाहेर पडताना हळूहळू वेग द्यावा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी.

निशाणे पाठ असावीत. पिवळे म्हणजे पुढे धोका, निळे म्हणजे मागच्या वेगवान गाडीला वाट द्या, लाल म्हणजे शर्यत थांबली, काळे म्हणजे तुम्ही बाहेर या, आणि काळ्यापांढऱ्या चौकटींचे म्हणजे शर्यत संपली. काळे निशाण दिसल्यावर वाद न घालता बाहेर येणे हाही या खेळातील एक धडाच आहे.

पहिल्या दिवशी कोणाला मागे टाकायचे हा हिशेब ठेवू नये. सगळ्या फेऱ्या न घसरता पूर्ण झाल्या की दिवस चांगला गेला असे समजावे. 1926 साली पावसात काराचिओलांनी मनाशी धरला होता, तो हिशेबही एवढाच होता.

मोडलेला पाय

पुढची काही वर्षे त्यांच्या कीर्तीची होती. 1931 साली इटलीतील हजार मैलांच्या शर्यतीत ते पहिले आले. ती शर्यत जिंकणारे ते पहिले परदेशी चालक. 1930 ते 1932 अशी सलग तीन वर्षे घाटातील चढणीचे युरोपीय विजेतेपद त्यांच्याकडे होते.

मंदीमुळे मर्सिडीजने शर्यतीतून अंग काढून घेतले, तेव्हा 1933 साली त्यांनी मित्र लुई शिराँ यांच्याबरोबर स्वतःचा लहानसा चमू काढला. त्याच वर्षी मोनाकोत सरावाच्या वेळी ब्रेकने दगा दिला आणि मोटार भिंतीवर आदळली. उजव्या मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. मोटार चालवणाऱ्याचा उजवा पाय म्हणजे लेखकाचा उजवा हात. कित्येक महिने ते प्लास्टरमध्ये पडून होते. पाय बरा झाला, पण दुसऱ्यापेक्षा सुमारे पाच सेंटीमीटर आखूड राहिला.

संकट एकटे येत नाही. फेब्रुवारी 1934 मध्ये शार्लोट मित्रमंडळींबरोबर आल्प्स पर्वतात बर्फावर घसरण्याच्या खेळाला गेली असता हिमकड्याखाली सापडून वारली. ड्रेस्डेनच्या दुकानापासून त्यांची साथ करणारी ती गेली. काराचिओला घरात कोंडून बसले, कोणाला भेटेनासे झाले. त्यांना बाहेर काढले मित्रांनी. शिराँ यांनी आग्रह करून त्यांना मोनाकोत शर्यतीपूर्वी मानाची एक फेरी मारायला लावले. पाय दुखत होता, पण ती फेरी झाल्यावर पुन्हा चालवायचे हे त्यांनी ठरवले.

मर्सिडीज त्याच वर्षी शर्यतीत परतली होती आणि काराचिओलाही परतले. आखूड पायाने त्यांनी 1935, 1937 आणि 1938 अशा तीन वर्षांचे युरोपीय विजेतेपद जिंकले. जर्मन ग्रां प्री तर त्यांनी एकूण सहा वेळा जिंकली, शेवटची 1939 साली. 1937 साली त्यांनी आलिस हिच्याशी दुसरे लग्न केले.

कीर्ती आणि काळोख

येथवर आलो की चरित्रलेखकाला थांबून एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. 1933 पासून जर्मनीत हिटलरचे राज्य होते. मोटारींच्या विजयांत त्या राज्याला आपली शान मिरवायची होती, आणि शर्यतीच्या कारखान्यांना सरकारी पैसा मिळे. काराचिओला नाझी पक्षाचे सभासद नव्हते, परंतु इतर बहुतेक जर्मन चालकांप्रमाणे पक्षाच्या मोटार दलात त्यांचे नाव होते. त्यांच्या विजयांवर त्या राज्याने आपला शिक्का मारला आणि त्यांनी तो मारू दिला.

त्याच वेळी आडोल्फ रोझेनबर्गर कोठे होते? आवुसच्या पावसात उसन्या मोटारीवर त्यांच्याबरोबर उतरलेले हे चालक ज्यू होते. 1931 साली पोर्शे यांच्या कार्यालयाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. 1935 साली त्यांना पकडून छळछावणीत टाकण्यात आले. सुटका झाल्यावर त्यांनी देश सोडला आणि शेवटी ते अमेरिकेत स्थायिक झाले. एकाच शर्यतीत, एकाच कंपनीच्या उसन्या मोटारींवर उतरलेले दोन तरुण; दहा वर्षांनी एकाच्या गळ्यात हार होता आणि दुसऱ्याला आपल्याच देशात जागा उरली नव्हती. मुलांना काराचिओलांचे कौशल्य शिकवावे, पण रोझेनबर्गर यांचे नाव गाळू नये.

28 जानेवारी 1938 हा दिवसही विसरण्याजोगा नाही. त्या सकाळी फ्रांकफुर्ट आणि डार्मश्टाट यांच्यामधील मोठ्या रस्त्यावर काराचिओलांनी ताशी 432.7 किलोमीटर वेग गाठला. सार्वजनिक रस्त्यावर इतका वेग त्यानंतर 2017 सालापर्यंत कोणी गाठला नाही. परंतु त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने, तो विक्रम मोडू पाहणारा तरुण प्रतिस्पर्धी बर्न्ड रोझेमायर त्याच रस्त्यावर ठार झाला. विक्रमाचा आनंद त्या दिवशी कोणी केला नसेल.

पुन्हा विक्रेता

काराचिओला स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे राहत. दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनी तेथेच काढला. युद्धात ड्रेस्डेनची दशा झाली ती सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 1945 मधील विमानहल्ल्यांत शहराचा जुना भाग जळून गेला आणि सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. त्यांच्या उमेदवारीचे शहर राखेत गेले. तेथील फ्राउएनकिर्ख या मोठ्या चर्चची पुनर्बांधणी पुरी व्हायला 2005 साल उजाडावे लागले.

1946 साली ते अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे शर्यतीस गेले. आयुष्यभर त्यांनी शर्यतीत कापडी टोपी घातली होती. तेथील संयोजकांनी मात्र कडक शिरस्त्राण सक्तीचे केले. सरावात डोक्यावर काहीतरी आदळले, मोटार भिंतीवर गेली आणि ते बाहेर फेकले गेले. कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. जीव वाचला तो त्या सक्तीच्या शिरस्त्राणामुळे. तीन वेळा युरोप जिंकलेल्या उस्तादालाही हा धडा पंचेचाळिसाव्या वर्षी शिकावा लागला. आपल्या मुलांनी तो पहिल्याच दिवशी शिकावा.

1952 साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, ते इटलीच्या हजार मैलांच्या शर्यतीत चौथे आले. पण त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्यांची मोटार झाडावर आदळली आणि या खेपेस डावा पाय मोडला. शर्यती संपल्या.

मग त्यांनी काय केले? ते पुन्हा मर्सिडीज मोटारी विकू लागले. युरोपात तळ देऊन राहिलेल्या परदेशी सैनिकांना मोटारी दाखवण्याचे काम त्यांनी पत्करले. 1923 साली परदेशी सैनिकाशी भांडून ज्याला ड्रेस्डेनला पळावे लागले, तोच माणूस उतारवयात परदेशी सैनिकांपुढे उभा राहून मोटारीचे गुण सांगत होता. सुरुवातीचे काम हलके होते असे त्यांनी कधी मानले नसावे, नाहीतर ते पुन्हा हाती घेतलेच नसते.

28 सप्टेंबर 1959 रोजी कासेल या गावी यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. लुगानो येथे त्यांना पुरण्यात आले. न्युर्बुर्गरिंग या प्रसिद्ध मार्गावरील एका खोल, गोल वळणाला आज त्यांचे नाव आहे.

आमच्या वर्गातील त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. स्वतःची मोटार आधी लागत नाही. काराचिओलांची पहिली विजयी मोटार उसनी होती आणि पहिली ग्रां प्री जिंकणारी मोटारही मागून आणलेली होती. परंतु मोटार उसनी मिळण्यासाठी देणाऱ्याचा विश्वास लागतो, आणि तो विश्वास त्यांनी तीन वर्षे दुकानात उभे राहून, लहान शर्यती पुऱ्या करून मिळवला होता. म्हणून आधी अभ्यास, मग यंत्राची ओळख, मग भाड्याची कार्ट आणि बंदिस्त मार्ग. उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री मित्राच्या मोटारसायकलवर वेग पाहणे ही शर्यतीची सुरुवात नव्हे. तेथे पिवळे निशाण दाखवायला कोणी उभा नसतो.

मुलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की मग पाऊस पडला तर कार्ट चालवतात का? आम्ही सांगितले, शिकवणारा परवानगी देत असेल तर जरूर चालवावी, पण हळू. शनिवारी त्याचे वडील शाळेत आले होते. मुलाला एकदा बसच्या कारखान्यात नेऊन इंजिन उघडलेले दाखवणार असल्याचे त्यांनी आम्हांला सांगितले. उमेदवारी सुरू झाली म्हणायची.